सानिकाचे हरवलेले रबरबँड

मंगळवार, संध्याकाळ

आज सानिकावर उगाच ओरडले. इंग्रजीतला दीर्घ स्वर म्हणताना रबरबँड ताणायचा, ऱ्हस्व म्हणताना सैल सोडायचा, म्हणून दुसरीच्या पोरांना मी एकेक दिलाय. हिने आठवड्यात तीन हरवले! विचारलं तर गप्प.

येताना भाट्याच्या मासळी बाजारात बांगडे घ्यायला थांबले, तिच्या आईकडेच. आईच्या मनगटावर गाठ मारलेला रबरबँड!

"पोरगी रडत आली बाई. तिला ओरडू नका. ती मला शिकवते. गिऱ्हाईक नसलं की मी ताणत बसते, तुटतात मेले."

"मग बोलली का नाही ती?"

"मीच नको म्हटलेलं. बाई हसतील."

हसेन? मी? पर्समधले सगळे रबरबँड तिला दिले. उद्या सानिकाची माफी मागायची, वर्गासमोरच. कारण मात्र सांगायचं नाही.