पहिला पेला माझ्याच हातचा

२३ डिसेंबर, मंगळवार

ठरलं. विमानानेच जायचं. लेगोस ते ओवेरी, पंचावन्न मिनिटं.

शनिवारी गावी पुतणीचं, ओलाएडोचं लग्न. आमचे थोरले भाऊ असते तर ताडीचा पहिला पेला त्यांनी भरून लेकीच्या हाती दिला असता, आणि तिने तो गर्दीतून नेऊन नवऱ्याला पाजला असता. थोरले जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्यानंतर मी. म्हणजे पेला मी भरणार. यात चर्चेला जागाच नाही.

उझोंडूने तरी चर्चा केली. हा आमचा धाकटा. मोटारीचे जुने पार्ट विकतो. म्हणाला, "दादा, हार्मॅटनच्या वाऱ्याची धूळ सुटलीय. या दिवसांत विमानाचा भरवसा नाही. आमच्या बसमध्ये तुमची सीट धरून ठेवलीय, खिडकीची."

मी हसलो. एकोणीस वर्षं उपमुख्याध्यापक होतो मी. कोंबड्या आणि गोण्यांबरोबर चौदा तास बसून जाणारा माणूस पेला भरताना कसा दिसेल?

लग्न ठरल्याचं ओलाएडोने आधी उझोंडूला सांगितलं होतं, मग मला. तीन दिवसांनी. मी हे मनावर घेतलेलं नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

सकाळी बस गेली. उझोंडू, त्याची बायको, पोरं आणि माझी बायको. न्नेओमा म्हणते तिला विमानात मळमळतं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, आणि हे मला आज कळतंय.

माझी खिडकीची सीट तिला मिळाली. हात हलवत होती. फार खुशीत.

संकल्प : उझोंडूचा विचार करायचा नाही. भाषणाचा सराव करायचा.

सायंकाळी ५. सराव केला. छान झाला. उझोंडूला असं बोलता येणार नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार. नाताळ

बायकोचा फोन. नायजर नदीच्या पुलावर सहा तास अडकले होते. बरं वाटलं. म्हणजे वाईट वाटलं, पण मी आधीच सांगितलं होतं.

मग म्हणाली, फार मजा आली. ड्रायव्हरने गाणी लावली, सगळी बस नाचली, उझोंडूने पुलावर उतरून अख्ख्या बसला भाजलेली केळी खिलवली. "हसून हसून पोट दुखलं हो!"

माझ्याबरोबर तिचं पोट कधी दुखलेलं नाही. मी एकट्याने कालचा भात खाल्ला.

२६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी ६.१०. विमानतळावर. विमान साडेनऊचं. सिंहाच्या तोंडांची नक्षी असलेला मानाचा झगा घडी करून हातातच ठेवलाय, चुरगळायला नको.

९.४०. ओवेरीला धुळीमुळे काही दिसत नाही. अकराला सुटेल. हरकत नाही. संयम हा शिक्षकाचा दागिना.

११.२०. एक वाजता.

१.०५. साडेतीनला. काउंटरवरच्या मुलीला कारण विचारलं. वयाला मान देत म्हणाली, "डॅडी, ऑपरेशनल रीझन्स." पोरी, वर्गात असं उत्तर दिलं असतंस तर बाकावर उभी केली असती, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "डॅडी, मी पहाटे चारपासून उभीच आहे." पोरगी उद्धट. पण उत्तर चांगलं होतं.

२.३०. शेजारच्या गेटवरून दुसऱ्या कंपनीचं विमान गेलं. एनुगूला. तेच आकाश, तीच धूळ. त्यांची माणसं रांगेत उभी राहून आमच्याकडे बघत होती. एका बाईने तर मला मान डोलावून निरोप दिला. अशी माणसं मला मुळीच आवडत नाहीत. त्या विमानात मी का नाही?

४.००. मी उभा राहून सुचवलं, प्रवाशांची समिती करू या. सगळ्यांना पटलं. टाळ्या पडल्या. अध्यक्ष निवडायचा झाला तेव्हा एका पाद्रीबुवांना निवडलं, का तर आवाज मोठा. मला उपाध्यक्ष केलं.

उपाध्यक्षाचं काम : पाण्याच्या बाटल्या मोजून वाटणे.

५.४०. रद्द. उद्या सकाळी सात.

घाबरायचं कारण नाही. कार्यक्रम दुपारी दोनचा, म्हणजे खरा सुरू होणार चारला. सातला निघालो तर नऊला गावात. उझोंडूच्या आधी आंघोळ करून तयार.

बायकोला कळवलं. मागून उझोंडूचा आवाज येत होता, तंबू कुठे ठोकायचा ते सांगत होता. त्याला कोणी विचारलं?

२७ डिसेंबर, शनिवार

सकाळी ६.३०. झगा घालूनच आलो. तिथे उतरलो की थेट मांडवात.

८.५०. धूळ.

११.००. बायकोचा फोन. वडीलधाऱ्यांनी ठरवलंय म्हणे, दोनपर्यंत मी नाही पोहोचलो तर पेला उझोंडूने भरावा. अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हेच होतं तर! तीन दिवस आधी जाऊन बसायचं ते याचसाठी. केळी खिलवायची ती याचसाठी.

ती म्हणाली, "अहो, ऐका तरी, उझोंडू म्हणतोय की..."

मी म्हणालो, त्याचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही आणि आता फोनही करायचा नाही.

ती म्हणाली, "बरं. नाही करत." आणि ठेवला. एवढी आज्ञाधारक ती एरवी कधी नसते.

१.१०. विमानात बसलो! सीट १४-ब, मधली. दार बंद. आता दोनला ओवेरी, अडीचला मांडव. एखाद्या अर्ध्या तासाने काही बिघडत नाही.

१.४५. दार बंद, पण विमान जागचं हललेलं नाही. आत भट्टी. झगा अंगाला चिकटलाय.

१.५०. उझोंडूचा फोन. कापला. मला काय माहीत नाही का काय बोलणार ते? "दादा, वेळ झाली, मी भरू का?" परवानगी मागायचं नाटक. मी हो म्हणायचं आणि त्याने सगळ्यांना सांगायचं, दादांनीच सांगितलं.

१.५८. परत. कापला.

२.०४. परत. शेजारी तान्हं मूल घेऊन एक बाई बसलीय. म्हणाली, "डॅडी, उचला की. घरी काही झालं असेल."

मी म्हणालो, झालं काही नाही, व्हायचंय.

२.१५. चौथा. पाचवा. उचलला नाही म्हणजे परवानगी नाही. परवानगी नाही म्हणजे पेला नाही. काय तोडगा काढला मी! विमानात बसल्या बसल्या पाचशे किलोमीटरवरचं लग्न रोखून धरलं. एकोणीस वर्षांचा अनुभव शेवटी कामी आला.

२.४०. सातवा. कापला. मग नंबरच ब्लॉक केला.

बाई म्हणाली, "कोण आहे हो?" मी म्हणालो, भाऊ. तिने मुलाला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

३.५५. हललं! निघालो! उझोंडू, येतोय मी.

२८ डिसेंबर, रविवार. गाव

काल साडेपाचला पोहोचलो. मांडव भरलेला होता, बँड चालू होता, ओलाएडो नवऱ्याजवळ बसली होती. पेला देऊन झाला होता.

मी थेट उझोंडूसमोर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, भरलास ना शेवटी?

तो म्हणाला, "मी कसा भरेन? तुम्ही जिवंत आहात."

बाकीचं बायकोने सांगितलं. माझ्या फोनवरच्या बोलण्यामुळे ती अजून फुगलेली आहे, पण हे सांगताना तिला फार रस आला. वडीलधाऱ्यांनी सांगूनही उझोंडूने पेल्याला हात लावला नाही. म्हणाला, दादांना फोन लावू. ते तिकडून आशीर्वाद देतील, शब्द त्यांचे, मी फक्त त्यांचा हात. सगळ्यांना पटलं. ओलाएडो समोर गुडघे टेकून बसली. फोन लाउडस्पीकरवर घातला आणि त्याला माईक धरला, म्हणजे सहाशे माणसांना माझं भाषण ऐकू जाईल.

सहाशे माणसांना ऐकू गेलं की आपण फोन करत असलेली व्यक्ती व्यस्त आहे.

सात वेळा.

पाचव्या वेळी मुलाकडची मंडळी फोनमधल्या बाईच्या सुरात सूर मिसळून म्हणायला लागली होती. सातव्या वेळी बँडवाल्याने ढोल वाजवला.

ओलाएडो पाऊण तास गुडघ्यांवर होती. आठव्यांदा फोन लागलाच नाही, तेव्हा ती म्हणाली, "राहू दे उझूकाका. मोठे काका कामात असतील." मग भाऊबंदांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला खुर्चीसकट उचलून आणलं. तो झोपला होता. त्याने पेला भरला आणि विचारलं, "ही कोणाची पोर?"

सकाळी ओलाएडो पाया पडायला आली. पटकन उठली. गुडघे खरचटलेत.

मग उझोंडू जेवणाचं ताट घेऊन आला. बकऱ्याचं काळीज, माझ्यासाठी कालपासून बाजूला काढून ठेवलेलं. शेजारी बसला. मग म्हणाला, "दादा, फोन बिघडला होता का?"

मी म्हणालो, हो.

तो म्हणाला, "मला वाटलंच. मी सगळ्यांना तेच सांगितलं."

मुलाकडच्यांनाही सांगितलं. म्हाताऱ्यांनाही. ओलाएडोलाही त्यानेच समजावलं म्हणे. आता गावभर एकच चर्चा, उझोंडूचं मन केवढं मोठं. म्हणजे तेही त्यालाच मिळालं.

काळीज खाल्लं. फार चांगलं झालं होतं.

त्याच्यावर रागवायला एखादं कारण सकाळपासून शोधतोय. दुपारचे तीन वाजले. अजून सापडलेलं नाही.