चाळिसावं पान

लंडन

तीर्थरूप भारतदादाला आदिनाथचा लांबूनच पाया पडून नमस्कार.

मी बरा आहे, काळजी करू नको. तुझी कंबर कशी आहे? सोयाबीन निघालं का?

फोन तू मायच्या खाटेवर स्पीकरला ठेवतो आणि मेसेज तुझी पोरगी शीतल मोठ्यानं वाचते, म्हणून हे पत्र तुझ्या दुकानावर धाडून राह्यलो.

माझी कादंबरी माय दसऱ्याला विळ्या-कुऱ्हाडीशेजारी ठेवून पुजते. आता शीतल तिला रोज एक पान मराठीत सांगते म्हणे. दादा, त्यात मी लिहिलंय, की नऊ वर्षांच्या मला मायनं लंडनच्या मावशीला देऊन टाकलं आणि जीप सुटली तरी टेंभुर्णीच्या फाट्यावर आली न्हाई. इथल्या लोकांना तेच पान आवडतं. कार्यक्रमात मी तेच वाचायचो.

त्या दिवशी बापूंनी तिला खोलीत कोंडलं होतं, हे तू मला बापूंच्या दहाव्याला सांगितलं. तोवर पुस्तक छापून गेल्तं. त्यानंतर मला एक ओळ जमली न्हाई, ना इंग्रजीत ना मराठीत.

ते चाळिसावं पान फाडून टाक.

काल फोनवर मायनं विचारलं, "त्याच्यात मी कव्हा येते रं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "चाळिसाव्या पानावर." मंग ती बोटांवर दिवस मोजायला लागली. काल एकविसावं झालं होतं, आणि पत्राला तीन आठवडे लागतात.

शीतलला रागावू नको. तिनं बिलकुल बराबर वाचलं असणार.

तुझा धाकटा,
आदिनाथ