दृष्टिहीन विद्यालयाचे संगणक पूर्ववत न करण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय शिक्षण अधीक्षक,
विभागीय शिक्षण कार्यालय,
तुबिगान बेट.

विषय: संगणक खोलीचे सील मी स्वतः फाडल्याबाबत, तसेच संगणक पूर्ववत करण्यास नकार देण्याबाबत.
संदर्भ: आपली कारणे दाखवा नोटीस, दि. ५ फेब्रुवारी २०२४.

महोदय,

मी, खाली सही करणारी फेलिसिदाद देमाइसिप, तुबिगान दृष्टिहीन विद्यालयात संगणक शिकवते. मला जन्मापासून दिसत नाही. ही बाब आपल्या कार्यालयास ज्ञात आहे, कारण अपंग दिनी व्यासपीठावर बसवण्यासाठी मला दरवर्षी न चुकता बोलावले जाते. तरीही ती येथे मुद्दाम नमूद करते.

आमचे संगणक जुने आहेत. इलोइलो शहरातल्या एका बँकेने नवे घेतले तेव्हा हे आम्हाला मिळाले. त्यांचे पंखे इंजिनाच्या पंप बोटीसारखे घरघरतात. पण ते चालत होते, आणि मुख्य म्हणजे बोलत होते. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम त्यांच्यावर होता, आणि तो कानाने ऐकतच आमची मुले टंकलेखन करत.

गेल्या ऑक्टोबरात आपल्या परिपत्रकानुसार तंत्रज्ञ श्री. व्हिर्जिलियो गालवे सर्व संगणकांवर नवी प्रणाली घालण्यास आले. मी त्यांना विनंती केली, "आधी एकाच मशीनवर करून बघा. यांची मेमरी कमी आहे, झेपणार नाही." ते म्हणाले, "मॅम, वरून ऑर्डर आहे. सगळ्यांवर एकदम." तसे झाले. त्यानंतर संगणक सुरू होईपर्यंत मुली एकमेकींच्या वेण्या घालून मोकळ्या होऊ लागल्या, आणि सुरू झाल्यावर आवाज येईना. बारावीची जिनालिन तुपास हिने विचारले, "मॅम फेली, हा रुसलाय की मेलाय?" श्री. गालवे यांनी खात्री दिली, "सगळं नीट आहे मॅम. स्क्रीनवर सगळं दिसतंय." मी म्हणाले, "दिसतंय ना? मग तुम्हीच वापरा." वर्ग हसला. श्री. गालवे हसले नाहीत. त्यांच्या अहवालात 'अद्ययावतीकरण यशस्वी' असा शेरा आहे.

मी तक्रार केली. आपल्या कार्यालयाने कळवले की सदर संगणक बोलक्या प्रोग्रामसाठी कालबाह्य असून पुढील अंदाजपत्रकात नवे देण्याचा विचार होईल. तोपर्यंत संगणक बंद ठेवून टंकलेखनाचा सराव घ्यावा. महोदय, हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत दोनदा वाचून घेतले, कारण वाचणारी बाई थट्टा करते आहे असे मला वाटले. जिनालिनची विद्यापीठ प्रवेश परीक्षा फेब्रुवारीत होती. ती संगणकावरच द्यायची होती आणि केंद्र आमच्याच शाळेत होते. तिच्या घरी सगळे मासळी वाळवतात. तिला वकील व्हायचे आहे.

म्हणून मी आर्नेल पामोसो याला फोन केला. तो माझा जुना विद्यार्थी, त्यालाही दिसत नाही, इलोइलोत एका कंपनीत संगणकांची देखभाल करतो. तो बोटीने आला, मशीनला कान लावून बसला आणि म्हणाला, "मॅम, ह्यांना काही झालेलं नाही. ओझं जास्त झालंय." मुलांचे काम आम्ही आधी दुसरीकडे उतरवून ठेवले. मग एकाच संगणकावर एक हलकी, मोफत मिळणारी प्रणाली घातली, बोलका प्रोग्राम जोडला, आणि तो टिकतो अशी खात्री झाल्यावरच बाकीच्यांना हात लावला. पहिला आवाज आला तेव्हा तो आमची इलोंगो भाषा सर्दी झालेल्या परदेशी पाद्रीसारखी वाचत होता. मुले हसून लोळली. आर्नेलने पानात शिजवलेल्या चिकट भाताच्या इबोसवर आणि आंब्यावर ताव मारला आणि भाडेसुद्धा घेतले नाही.

मी 'अद्ययावतीकरणास विरोध करते' असे नोटिशीत म्हटले आहे. हे साफ खोटे आहे. आम्ही दर शुक्रवारी अपडेट करतो. आधी एक संगणक, मग त्यावर कान देऊन सगळे तपासणे, मग उरलेले. आपल्या कार्यालयात ही पद्धत असती तर मला हा अर्ज लिहावा लागला नसता.

जानेवारीत तपासणी झाली. 'अनधिकृत प्रणाली' असा शेरा पडला आणि संगणक पूर्ववत करण्याचा आदेश आला. मी लेखी विचारले, पूर्ववत म्हणजे मुके का? उत्तर आले नाही. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी खोलीला सील मात्र लागले.

सकाळी कुलपाजवळ माझ्या हाताला कागद लागला. पहारेकऱ्याला विचारले, "मानोंग दादा, हे काय?" तो म्हणाला, "सील आहे मॅम. वरच्या ऑफिसचं. हात नका लावू, नोकरी जाईल." मी ते फाडले. मागून जिनालिनने विचारले, "मॅम, काय फाटलं?" मी म्हणाले, "कागद. चल आत, वेळ होतेय." तिने पूर्ण पेपर लिहिला. विद्यापीठाच्या पर्यवेक्षिकेने कोणतीही हरकत नोंदवलेली नाही. काल निकाल लागला. जिनालिन पास झाली.

आपल्या कार्यालयातील श्रीमती लोर्ना सुमागायसाय यांचा मला परवा फोन आला. त्या चांगल्या मनाच्या आहेत. म्हणाल्या, "मॅम, लिहून द्या ना, सील दिसलं नाही म्हणून. कोण काय बोलणार? विषय मिटेल." मिटेल, हे मलाही कळते. परंतु 'दिसत नाही म्हणून जमलं नाही' हे वाक्य माझ्या वर्गात मी कुणालाही उच्चारू दिलेले नाही. नोकरी वाचवण्यासाठी ते स्वतः लिहून देणार नाही. सील आहे हे मला ठाऊक होते. मी ते जाणूनबुजून फाडले. परीक्षा पुन्हा आली तर पुन्हा फाडीन.

सबब, 'सील नजरचुकीने फाडले' या आपल्या वाक्यातला 'नजरचुकीने' हा शब्द नोटिशीतून वगळावा आणि आरोप खरा आहे तसा लिहावा, ही पहिली विनंती. संगणक पूर्ववत केले जाणार नाहीत. ही विनंती नव्हे, माहिती आहे. उद्या शुक्रवार असल्याने नेहमीप्रमाणे अपडेट होईल.

माझ्या निलंबनाचा आदेश काढायचा असल्यास तो कागदावर न पाठवता फाईल म्हणून पाठवावा. आमचे संगणक तो वर्गात सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवतील.

आपल्याच खात्यातली,
(सही)
फेलिसिदाद देमाइसिप
संगणक शिक्षिका, तुबिगान दृष्टिहीन विद्यालय
दि. ८ फेब्रुवारी २०२४