बटर पेपरची सुलटी बाजू

भवानी पेठ, सोलापूर
बुधवार

आदरणीय वैजयंती अक्का,

धाकट्या महेश्वरचा तुला आणि शिवप्पा दाजींना वाकून नमस्कार. इकडं मी बरा आहे. गुडघा दुखतो, पण तो मागच्या पत्रातही दुखत होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काळा चष्मा लावतेस ना? डोळ्यातले थेंब वेळेवर घाल, दाजींच्या हातनं नको (त्यांनी एकदा कानाचं औषध नाकात घातलं होतं). आमचे चिरंजीव नंदीश शनिवारपासून तुमच्या अक्कलकोटला येऊन पडलेत, ते नीट जेवतात का? शुक्रवारी त्यानं आपल्या गॅरेजचा बोर्ड स्वतःच्या हातानं उतरवला आणि पुण्याला कुठल्यातरी कंपनीत लागतो म्हणाला. त्यानं तुला सगळं सांगितलं असेल, पण अर्धंच. उरलेलं अर्धं त्यालाच ठाऊक नाही.

झालं असं, की कुंभारीच्या हिंदुरावांची जुनी डिझेल गाडी चार माणसं बसली की पुलाच्या चढाला धापा टाकायची. तिला टर्बो बसवून हवा होता. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि गाडीला जोर येतो (दाजी, मान डोलावू नका, तुम्हाला आत्ताच कळलंय). पण कुठलाही टर्बो कुठल्याही इंजिनाला चालत नाही. प्रत्येक टर्बोचा एक नकाशा असतो. आडवी मापं हवेची, उभी दाबाची, आणि मध्ये कापलेल्या कांद्यासारखी कडी. सगळ्यांत आतल्या कड्यात पंखा कमी तापतो आणि भरपूर काम करतो. डावीकडं एक तिरकी रेघ असते, ती ओलांडायची नाही. ओलांडली की पुढं ढकललेली हवा उलटी फिरून पंख्याच्याच अंगावर येते. इंजिनाला कुठल्या वेगाला किती हवा लागते ते काढून नकाशावर ठिपके मांडायचे. ठिपके कड्यांत पडले तर सोयरीक जमली, नाहीतर दुसरं स्थळ बघायचं.

नंदीशचं गणित चोख होतं. आपल्या उन्हाळ्यातली बेचाळीस अंशांची हवा विरळ असते, तेही त्यानं धरलं होतं. एक थोरला आणि एक धाकटा असे दोन टर्बो आणून ठेवले होते. नकाशे मात्र मोबाईलवरून छापलेले, मुंगीएवढे. म्हणाला, अप्पा, एवढे मोठे करून द्या. अक्का, एकतीस वर्षं मी चादरीच्या नक्षीचे ग्राफ काढले. मोराच्या एकेका पिसाला चारशे चौकटी रंगवल्या. कॉम्प्युटर आल्यापासून तीन वर्षांत मला कोणी एक चौकट रंगव म्हटलं नव्हतं. पोरानं म्हटलं तेव्हा मला लई आनंद झाला. आंघोळ करून कामाला बसलो.

मी आरपार दिसणाऱ्या बटर पेपरवर दोन्ही नकाशे उतरवून दिले. नंदीशनं पाहिले आणि म्हणाला, अप्पा, ती रेघ डावीकडं असते ना? मी म्हटलं, ग्राफ तुला कळतो का मला? त्यानं पेन्सिल उचलली. ठिपके मांडले तर थोरल्याचे सगळे कड्यांत आणि धाकट्याचे बाहेर. मग त्यानं थोरला बसवला.

गुरुवारी हिंदुराव पुढं, त्यांच्या केराबाई मागं, मी त्यांच्या शेजारी (मला कोणी बोलावलं नव्हतं) आणि नंदीश गाडी चालवायला, असे आम्ही पुलावर गेलो. निम्म्या चढाला बोनेटमधून फुर्रफुर्र सुरू झालं. गाडी पुढं सरकेना, मागं काळा धूर आणि धुरात उसाचा ट्रॅक्टर. केराबाई शांतपणे म्हणाल्या, "थांबवा. आत कुणाला तरी उचकी लागलीया की." गाडी ढकलत खाली आणली. ट्रॅक्टरवाल्यानं हात लावला, तोंडही बरंच लावलं. हिंदुराव एक शब्द बोलले नाहीत, आणि नंदीशला तेच लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं गणित तीनदा तपासलं. चूक सापडेना. तेव्हा म्हणाला, "अप्पा, गणित बरोबर येतंय आणि गाडी चालत नाही, म्हणजे मलाच यातलं काही कळत नाही." आणि शिडी आणायला गेला.

तो अक्कलकोटला निघून गेल्यावर मी बटर पेपर घडी घालायला घेतला आणि घोटाळा दिसला. आपल्या सोलापुरी चादरीला उलटी-सुलटी नसते, ती दोन्ही बाजूंनी पांघरता येते, नुसता रंग पालटतो. कागद कुठल्या अंगानं धरला हे एकतीस वर्षांत मला कोणी विचारलं नाही. मी कडी उतरवली, कागद पालथा पडला, आणि मी पालथ्या बाजूनंच आकडे घातले. डावीकडची रेघ उजवीकडं गेली. थोरल्या टर्बोवरचे नंदीशचे ठिपके खरं तर रेघेच्या पार पलीकडं होते.

हे नंदीशला सांगू नकोस. बाप म्हणून थोडं वजन राहू दे. तू आपली आत्या म्हणून चार समजुतीच्या गोष्टी सांग आणि पुरणाचे कडबू करून घाल. बाकी इकडं सगळं ठीक.

तुझा,
महेश्वर

ता. क. कागद सुलटा करून पुन्हा ठिपके मांडले. धाकट्या टर्बोचे सगळे आतल्या कड्यांत पडतात. दोनदा बघितलं, आणि शेजारच्यालाही दाखवलं (त्याला काही कळलं नाही, पण बाजू सुलटी आहे म्हणाला). हिंदुराव रविवारपर्यंत थांबतो म्हणालेत.

आणखी एक ता. क. अक्का, डॉक्टरांनी तुला महिनाभर वाचू नको म्हटलंय, आणि दाजींना चष्मा कधीच सापडत नाही. म्हणजे हे पत्र पहिल्या ओळीपासून नंदीशच मोठ्यानं वाचतोय, हे मला लिहायला बसतानाच ठाऊक होतं. नंदीश, तोंडावर सांगायला जीभ रेटेना रे. तुझं गणित बरोबर होतं, कागद माझा उलटा होता. आत्याच्या डोळ्यात दुपारचे थेंब घाल आणि तीनच्या गाडीनं निघ. बोर्ड पुसून दाराशी ठेवलाय. मीच लावणार होतो, पण गुडघा शिडी चढू देत नाही.