बेचाळीस बदाम

१ जुलै, मंगळवार, सकाळी ६:१०
आजपासून रोज पहाटे पाचला उठून कादंबरी लिहायची. आज सहा वाजले, पण पहिला दिवस मोजायचा नसतो.
कादंबरीचं नाव 'अनंताच्या खिडकीत'. बावीस वर्षं डोक्यात आहे. चेन्नईत, पेरंबूरमध्ये राहून मराठी साहित्यावर बोलायचं कुणाशी? बायकोशी बोलून पाहिलं. विद्युलता बँकेतून येते तेव्हा तिला साहित्य नको असतं, चहा हवा असतो.
म्हणून काल 'पाठीशी' या ऑनलाइन लेखक-परिवारात दाखल झालो. संस्थापिका ऋजुताताई, नाशिकच्या. नियम एकच, टीका करायची नाही. उणं काढणारा तीन दिवस ग्रुपबाहेर. किती सुसंस्कृत लोक.

३ जुलै
पहिलं पान टाकलं. नायक अभिजात बेसंटनगरच्या फ्लॅटच्या खिडकीत उभा राहून समुद्राकडे बघतो. बस, एवढंच.
अकरा मिनिटांत बेचाळीस बदाम. लाल. त्यातले सहा धडधडणारे. पुण्याचा शार्दूल नावाचा मुलगा लिहितो, "सर, श्वास घ्यायला विसरलो."
आनंद पोटात मावेना. ऑफिसात सगळ्यांना बोंडा खिलवला. कशाबद्दल विचारलं, तेव्हा नुसतं हसलो. लेखकानं फार बोलू नये.

६ जुलै, रविवार
आज स्प्रिंट. म्हणजे सगळ्यांनी कॅमेरा लावून पंचवीस मिनिटं मुकाट्यानं लिहायचं आणि शेवटी आपला आकडा सांगायचा. माझे चाळीस शब्द झाले. सांगताना चारशे सांगितले. एक शून्य भावनेच्या भरात जास्त पडलं.
खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून संध्याकाळी बसून बाकीचे तीनशे साठ भरून काढले, सगळे लाटांवर. लाटांचं बरं असतं, संपत नाहीत. जुन्या वह्यांत सूर्यास्तही बरेच सापडले. तेही घालतो. (बेसंटनगरला सूर्य समुद्रातून उगवतो, मावळत नाही, असं विद्युलता म्हणाली. कल्पनाशक्ती नाही तिला.)

१० जुलै
आज एक विलक्षण गोष्ट घडली.
विद्युलतेची बहीण यामिनी पुण्याहून येते आहे. तिनं काय काय आणायचं याची यादी विद्युलतेनं माझ्या फोनवर टाइप केली होती. सकाळच्या घाईत कादंबरीच्या पानाऐवजी ती यादी 'पाठीशी'वर गेली. 'भाजणी, मेतकूट, कोकम, गोडा मसाला, कुळथाचं पीठ. उरली जागा तर लोणचं.'
बेचाळीस बदाम.
शार्दूल लिहितो, "'उरली जागा तर' यात आख्खं स्थलांतर आलं, सर." ऋजुताताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, असं त्यांनी स्वतः कळवलं.
चूक तासाभरानं लक्षात आली. दुसरा कुणी असता तर खजील होऊन पोस्ट उडवली असती. मी शांतपणे विचार केला. निष्कर्ष असा, की माझा हात आता इतका तयार झाला आहे, की त्याखालून जातं ते साहित्यच होतं. यादी तिची होती, असं विद्युलता म्हणते. नवऱ्याचं नाव होऊ लागलं, की घरात हे व्हायचंच.
यादी पान अठ्ठावन्नवर घेतली आहे.

१३ जुलै, रविवार
ठरलं. व्हीआरएस घेणार. चोपन्नाव्या वर्षी नाही तर कधी? अर्ज ३१ तारखेपर्यंत द्यायचा आहे. मग पूर्ण वेळ लेखन. परिवाराला कळवलं. बेचाळीस बदाम आणि उडणारे फुगे.
विद्युलतेला नाश्त्याच्या वेळी सांगितलं. इडली तशीच हातात धरून तिनं विचारलं, ग्रुपात माणसं किती? म्हटलं, त्रेचाळीस. ती म्हणाली, तुला वगळून? माझं मन गणितात रमत नाही.
मग तिनं इडली ताटलीत ठेवली. म्हणाली, "उमाकांत, त्या ग्रुपबाहेरच्या एका तरी माणसाकडून ही कादंबरी पूर्ण वाचून होऊ दे. तो काय म्हणतो ते मला येऊन खरं सांग. मग खुशाल सही कर."
अट सोपी आहे. उलट तिचीच कीव आली. तिला म्हटलं, तूच वाच. ती म्हणाली, तिला संसार टिकवायचा आहे.

१६ जुलै
जुन्या वह्या धरून चौतीस हजार शब्द पूर्ण. ऑफिसच्या प्रिंटरवर छापली, एकशे एकतीस पानं. वैयक्तिक कामाला सरकारी कागद वापरू नये हे मला मान्य आहे. पण वाङ्मय वैयक्तिक कसं?
अलमेलू मॅडम ऑफिसचा तिमाही हिंदी अहवाल करतात. त्यांनी नागरी अक्षरांचा गठ्ठा पाहिला आणि एकशे एकतीस पानांचं हिंदी काम म्हणून नोंदवून टाकला. आमच्या सेक्शनचं हिंदीचं टार्गेट पहिल्यांदाच पूर्ण झालं. साहेबांनी उठून हस्तांदोलन केलं. मराठी आहे हे सांगणार होतो, पण लोक इतके खुश होते.
दुसऱ्या भाषेतही स्वागत, असं परिवाराला कळवलं. विद्युलता म्हणाली, मोजलं म्हणजे वाचलं नव्हे. कठीण बाई आहे.

१९ जुलै, शनिवार
वाचक मिळेना. अख्ख्या चेन्नईत माझ्या ओळखीचे मराठी चौघे. एक ओरगडमला कारच्या कारखान्यात आहे, त्याला शिफ्ट आहे. दुसऱ्याची पाठ धरली आहे. तिसऱ्यानं पानं बघितली आणि त्याचीही धरली. चौथा फोन उचलत नाही.
मग एकदम आठवण झाली तळमजल्यावरच्या राजसबाईंची. वय एक्याऐंशी, तंजावरच्या. त्यांच्या घरात तीनशे वर्षं मराठी बोलतात, आपल्याकडे पोथ्यांत उरली आहे तशी. अडचण एकच, त्यांना नागरी वाचता येत नाही. वाचतात त्या तमिळ. सून जयंती म्हणाली, मग तुम्हीच वाचून दाखवा अण्णा, अम्माला दुपारी झोप लागत नाही.
वाचून दाखवणं हे वाचण्यापेक्षा वरचढ. विद्युलतेनंही मान्य केलं.

२० जुलै, रविवार
पहिली बैठक. पंचेचाळीस पानं. राजसबाई सुती नऊवारी नेसून, पाट मांडून समोर बसल्या. डोळ्याला डोळा. मध्ये मोबाईल नाही, काही नाही. असं ऐकणारं माणूस मी आयुष्यात पाहिलं नाही.
तिसाव्या पानाला त्यांनी हात वर करून थांबवलं.
"पावम, अजून उभाच की तो? बस म्हणून सांग त्याला."
पावम म्हणजे बिचारा. किती गुंतल्या आहेत. परिवाराला लगेच कळवलं, की श्रोते नायकाच्या पायांची काळजी करू लागले आहेत.

२६ जुलै, शनिवार
दुसरी बैठक. पान नव्वदपर्यंत. आज मलाही वाचता वाचता वाटलं, की लाटा जरा फार आहेत. घसा बसला होता, त्यामुळे वाटलं असेल.
यादीचं पान आलं तेव्हा राजसबाई हसल्या आणि विचारलं, लोणचं आणलं का तिनं मग? सांगता आलं नाही. यामिनी अजून यायची आहे.
व्हीआरएसचा अर्ज भरून ठेवला. सही तेवढी राहिली.

२७ जुलै, रविवार, संध्याकाळी
शेवटचं पान वाचलं. अभिजात खिडकीत. समुद्र समोर. पानं ठोकून सरळ केली आणि कौतुकासाठी मान खाली घालून बसलो.
राजसबाईंनी हात जोडले. "सेरि, बरें बाळ, पूर्वरंग गोड झालें. आतां कथा सांग."
त्यांचे वडील तंजावरला कीर्तन करायचे. आधी पूर्वरंगात निरूपण, मग आख्यान. माझे तिन्ही दिवस त्यांनी निरूपणात धरले होते, आणि गोष्ट कधी लागते याची वाट बघत पाटावर ताठ बसल्या होत्या. एक्याऐंशी वर्षांची बाई.
म्हटलं, आजी, हीच कथा. त्यांना वाटलं मी दमलो. म्हणाल्या, गुरुवारी ये, बहिणीलाही बोलावते.
विद्युलतेनं विचारलं, काय म्हणाल्या? म्हटलं, घसा दुखतोय.

२८ जुलै
'पाठीशी'वर प्रश्न टाकला: 'माझ्या कादंबरीत काय घडतं असं तुम्हाला वाटतं?'
बेचाळीस बदाम.
शार्दूल लिहितो, "न घडणंच घडतं, सर." चार वेळा वाचलं. पहिल्या दोन वेळा आवडलं.
शेवटी ऋजुताताईंना फोन केला. फार चांगल्या बाई. म्हणाल्या, दादा, त्रेचाळीस जणांचं रोज कुठलं वाचून होतंय? नऊच्या आत सगळ्यांना बदाम देऊन टाकते, म्हणजे कुणी खचत नाही. मग त्यांनी विचारलं, "माझी तरी तुम्ही वाचताय ना?"
मी रोज बदाम देतो त्यांना. धडधडणारा. कादंबरीचं नाव काय, ते आठवेना. छान चालली आहे, म्हटलं.
त्या नुसतं थँक्यू म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

२९ जुलै
विद्युलतेला खरं काय ते सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. चहा तिनं केला.

३१ जुलै, गुरुवार, दुपारी ३:४०
व्हीआरएसचा अर्ज दिला नाही. त्याऐवजी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारण: वैयक्तिक.
राजसबाईंची बहीण तिरुवल्लिक्केणीहून रिक्षा करून आली आहे. दोघींनी दुपारपासून पाट मांडले आहेत. शेजारच्या दोन मामींनाही बोलावलंय, त्यांना मराठी येत नाही तरी. जयंती आत्ताच विचारायला आली, अण्णा, सुरू कधी करणार?
दहा मिनिटांत आलो म्हणून सांगितलं. चौतीस हजार शब्दांत जे सुचलं नाही, ते आता तेवढ्यात सुचायला हवं.