गार वड्यांची मैफल

ठाकूरद्वार,
रविवार

तीर्थरूप तात्यामामांस,

शंतनुचा नमस्कार. (दोन्ही हात जोडून केला, त्यासाठी पेन खाली ठेवलं.) ऋताने आणलेलं तेल गुडघ्याला लागू पडलं का? लेकीकडे रत्नागिरीला उकाडा असेल, इथेही आहे. आई बरी आहे, रोज तुमची आठवण काढते, आणि ती काढते म्हणूनच हे पत्र लिहायची वेळ आली. फोन केला असता, पण न पटणारं काही कानावर आलं की तुम्ही "हं" म्हणून ठेवून देता. पत्र निदान शेवटपर्यंत वाचाल.

आपल्या वाडीचं सभागृह पाडताहेत हे तुम्हाला कळलं असेलच. पुनर्विकास. त्याआधी रसिक मंडळाची एक शेवटची मैफल व्हायची आहे, आणि सेक्रेटरी जगदीशने असं काढलं की आजवरच्या मैफलींतून सर्वोत्तम पाच निवडायच्या, क्रम लावायचा, आणि पहिल्या नंबराच्या गायकाने ही शेवटची मैफल गायची. निवडणारा मी, कारण मी रोजनिशी लिहितो. (रोजनिशी लिहिणाऱ्याला सगळं आठवतं हा गैरसमज आहे. आठवत नाही म्हणून तर लिहितो.) पाचांपैकी तिघे आता हयात नाहीत. म्हणजे खरा प्रश्न तुम्ही की कौसल्याबाई, एवढाच. आणि तुम्ही माझे सख्खे मामा.

आधी तुम्हाला पहिलं ठेवलं. झोप लागेना, भाच्याने मामाला पहिलं ठेवलं, यात निवड ती काय झाली? म्हणून दुसरं ठेवलं. मग वाटलं, हे मी प्रामाणिकपणाने केलं की प्रामाणिक दिसावं म्हणून केलं? पुन्हा पहिलं. दरवेळी ऑपेरा हाऊसपर्यंत चालत जायचं, परत यायचं, आणि येताना जगदीशच्या दुकानाशी थांबून क्रम बदलायचा, असं चाललं होतं. शेवटी तो म्हणाला, "शंतन्या, तू निकाल देतोयस की हवामानाचा अंदाज? पत्रिका छापणारा प्रेसवाला मला बघून शटर ओढतो आता."

अखेर मी मंडळाच्या जुन्या कसोटीकडे वळलो. अप्पा अध्यक्ष होते तेव्हाची ती पद्धत. मध्यंतरात बाहेर बटाटेवडे यायचे. गाणं सुमार असलं की लोक मध्यंतराच्या आधीच दाराशी. बरं असलं की शिस्तीत रांगेने. आणि खरोखर मोठं असलं की कुणी उठायचंच नाही, वडे गार व्हायचे. 'गार वड्यांची मैफल' याहून मोठी पदवी आपल्या वाडीत नाही, आणि ती निर्विवाद मिळवणारे तुम्ही एकटे. तुमच्या वेळी एक माणूस हलला नाही, पराती भरल्या तशाच राहिल्या. कौसल्याबाईंच्या वेळी निम्मे वडे संपले होते. (त्यातले काही त्यांनी स्वतः खाल्ले, ते धरायचे की वगळायचे, यात माझी एक पूर्ण संध्याकाळ गेली.)

झालं, निर्णय पक्का. आनंदाने आईला सांगायला गेलो. ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या दिवशी संकष्टी होती रे."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? चंद्र दिसायच्या आधी वडा कोण खाणार? मीही नाही उठले. घरी जाऊन तरी काय करायचं होतं?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"भाऊ आहे माझा."

तात्यामामा, मी तिथेच बसलो. भरलेलं सभागृह, आणि जवळजवळ सगळ्यांचा उपास. उरलेल्यांना एकट्याने उठायची लाज. वड्यांची ऑर्डर दर महिन्याची ठरलेली, त्यामुळे वडे आले. अप्पांचाही उपास होता, पण आपण गाण्यामुळेच उठलो नाही अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी तसं फळ्यावर लिहिलं. आता ही कसोटी पाळायची कशी? आणि मोडायची, तर मामांच्या सोयीची होती तोवर का पाळली? पुन्हा ऑपेरा हाऊस.

परवा चालता चालता ध्यानात आलं, की मला उपास नव्हता. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि नास्तिक होतो (पुढच्या परीक्षेपर्यंत). दाराजवळ बसलो होतो, सकाळच्या पोह्यांवर दिवस काढलेला, आणि तळणाचा वास थेट माझ्यापर्यंत येत होता. तुम्ही यमन आळवत होतात. नाही, खोटं कशाला, यमन होता की भूप ते आठवत नाही. तुम्ही एका सुरावर थांबलात, आणि तुम्ही पुढे जाईपर्यंत आपल्याला उठता येणार नाही असं मला वाटलं. मग तुम्ही पुढे गेलात. तरी मी उठलो नाही.

म्हणजे साक्षीदार एकच, तोच परीक्षक, आणि तोच भाचा. कोणत्याही कोर्टात हे टिकणार नाही. तरी तुम्हाला पहिलं ठेवलंय. जगदीशने यादी माझ्या हातातून ओढूनच घेतली.

वडील माणसांना आणखी काय लिहू. औषधं वेळेवर घ्या, आणि राग आलाच तर बिचाऱ्या ऋतावर नको, माझ्यावर काढा.

तुमचा,
शंतनु

ता. क. पत्र आईला वाचून दाखवलं. ती हसली आणि म्हणाली, त्या मैफलीची तारीख तात्यानेच धरली होती, मांडीवर पंचांग घेऊन. अप्पा शनिवार म्हणत होते, तुम्ही अडून बसलात. हे खरं असेल तर कृपया मला कळवू नका. जगदीश मला आता दुकानाच्या पायरीवर चढू देणार नाही.

आणखी एक. पत्राचं मुख्य कारण राहूनच गेलं. काल कौसल्याबाई स्वतः घरी आल्या होत्या. मला वाटलं भांडायला. खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "तात्या गातोय ना? पहिल्या रांगेत माझी जागा धर. तेव्हा मी गावाला होते, आणि इतकी वर्षं लोकांकडून ऐकून ऐकून कान किटले माझे. एकदा बघूच दे काय ते." संकष्टीचं मी त्यांना काही बोललो नाही. आईही बोलली नाही, चहा टाकायला आत गेली. तर मामा, यावेळी मध्यंतर ठेवलेलं नाही. रियाजाला आजपासूनच बसा.