डबीतला मजला

३ ऑक्टोबर, रूसे

आलो एकदाचा. दोन पेट्या आणि हत्यारांची पिशवी. पिशवीचं आता काम नाही, पण उमर लिफ्टांखाली उताणं पडून गेली, ती टाकवत नाही. दुरुस्त्या करता करता कोड लिहायला माझा मीच शिकलो, आणि परवापासून लिफ्टचा मेंदू बनवणाऱ्या कंपनीत खुर्चीवर बसणार.

राहायला सातवा मजला, खिडकीतून डॅन्यूब. कंपनीचा नवा कोड आधी याच इमारतीच्या लिफ्टवर चालवून बघतात, म्हणजे घरीसुद्धा ऑफिसच. खालच्या दारावर स्तोइमेनला जाऊन चाळीस दिवस झाल्याचं शोकपत्रक, रिवाजाप्रमाणे फोटोसकट. माझ्या आधी माझ्या खुर्चीवर तोच होता, राहायचा चौथ्यावर. शेजारच्या झ्लात्काबाईंनी पहिल्या नोकरीला निघालेल्या पोरासारखं माझ्या पायांपुढे शकुनाचं पाणी ओतलं, वर म्हणाल्या, आता घसरून पडू नका म्हणजे झालं.

बायको, नेवेना, गावी हिवाळ्यासाठी मिरच्या भाजतेय. बरण्या भरल्या की येईल. तिच्या गुडघ्याला दोन पायऱ्याही जड, म्हणून सातवा मजला घेताना लिफ्ट आधी कान लावून ऐकली. दोर निरोगी. ब्रेक गोड.

५ ऑक्टोबर

पहिल्याच दिवशी वाद. आमच्या प्रमुख देस्पिनाबाई, तोंडात सिगारेट, ती पेटलेली मात्र कधी दिसली नाही. व्हेरिएबल म्हणजे कोडमधली डबी, त्यात आकडा ठेवायचा. मी डबी बनवतानाच तिच्यात शून्य टाकतो, ही माझी जुनी सवय. कारण न भरलेली डबी रिकामी नसते. आधी त्या जागी जे होतं ते तिच्यात तसंच पडलेलं असतं, जुन्या भाडेकरूच्या सामानासारखं. इथला नियम उलटा. खरा आकडा हाती येईपर्यंत डबीला हात लावायचा नाही. भरायचं विसरलं तर कंपायलर, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, बोंब मारतो. शून्य टाकलं की तो गप्प बसतो आणि चूक आत राहते.

मी म्हटलं, बाई, शून्याने कुणाचं काय बिघडवलंय? पोरं हसली. रांगेलदादा पाना फिरवतात तसा कोड लिहितात, असं कोणीतरी मागून बोललं. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत.

"शून्य म्हणजे काहीच नाही, असं तुला वाटतं. लिफ्टला तो एक मजला वाटतो."

९ ऑक्टोबर

दुपारी लिफ्टमध्ये होतो, एकटाच. वीज गेली, आली. मी बटण दाबायच्या आत लिफ्ट निघाली आणि चौथ्यावर थांबली. दार उघडलं. बाहेर कोणी नाही. दार मिटायच्या आधी पायाखालची फळी किंचित दबली, माणूस आत आल्यावर दबते तशी. ही गोष्ट माझ्या तळव्यांना कोणी शिकवायला नको.

वर येऊन कोड उघडला. सापडलं. ‘जायचा मजला’ ही डबी कोरी. वीज आल्यानंतरच्या एका वाटेवर ती भरायच्या आधीच वाचली जाते, आणि वाट इतकी वळणाची की कंपायलरलाही दिसली नाही. म्हणजे जुनं सामान. हायसं वाटलं.

मग जेवताना लक्षात आलं. वीज जाते तेव्हा सगळी मेमरी पुसली जाते. चार आला कुठून?

१० ऑक्टोबर

देस्पिनाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ती वाट शोधून काढ, लिफ्ट आहे त्या मजल्याचा खरा आकडा तिथे भर, आठवडा लागला तरी लागू दे. शून्य टाकून मोकळा होऊ नकोस. मी हो म्हणालो.

नेवेनाचा फोन. बरण्या भरल्या. चौदाला येतेय.

१२ ऑक्टोबर

शून्य टाकलं. आठवडा कुठून आणू? आमच्याकडे तळमजला म्हणजे एक. शून्य मजलाच नाही, मग लिफ्ट जागची हलणार कशी? वीज बंद करून चालू केली. हलली नाही. पुन्हा केली. नाही. झ्लात्काबाईंच्या हातची बानित्सा, चीज भरलेली पापुद्र्याची पोळी, पोटभर खाल्ली.

१३ ऑक्टोबर

सकाळी वीज गेली, आली. मी जिन्यात होतो. रिकामी लिफ्ट खाली निघाली. तीन. दोन. एकला ब्रेक टक् करतो — केला नाही. दोर सुटतच राहिला. खाली नुसता खड्डा आहे. मी स्वतः उतरून पाहिलाय, ताठ उभं राहता येत नाही.

वर आली तेव्हा फळीवर चिखल. दोर ओला — इमारतीच्या उंचीपेक्षा जास्त लांब ओला. एवढा दोर या लिफ्टला नाहीच.

नेवेनाला म्हटलं, येऊ नकोस. हसली. इतक्यात दुसरी कोणती बाई शोधलीत, म्हणाली.

उद्या सकाळी पहिलं काम, शून्य काढणं.

१४ ऑक्टोबर

आधीच्या बसने आली. फोन खालूनच — बरण्या आत ठेवतेय, वर येते. मी ओरडलो, थांब. दार मिटल्याचा आवाज. मग वीज गेली —

आली. लिफ्ट खाली गेली. एकला टक् नाही.

मी सातव्यावर, मोटारीपाशी. लॅपटॉप जोडलाय. शून्य पुसलं. खरा आकडा भरायला ती कुठे आहे ते कळायला हवं. मजला दाखवणारा दिवा कोरा.

डबी कोरीच ठेवली. नियमाप्रमाणे. कोड चढतोय. तोवर लिहितोय, नाहीतर किंचाळेन.

तिचा आवाज येतोय, फार खालून. रांगेल, इथे दार उघडं आहे, म्हणते. उतरू का?

नको म्हणालो. ऐकू गेलं का —

कोड चढला. वीज बंद करतो. चालू करतो. स्तोइमेन, तुझा चार दे. काहीही घे, चार दे —

निघाली. वर. एकला टक्. बाप रे. दोन. तीन.

चार. थांबली. दार उघडलं. मिटलं.

पुन्हा निघाली. दोर आता दोघांचं वजन ओढतोय. पाच.

नेवेना, बोल.

सहा. दाराला कान लावलाय. वजन दोघांचं, श्वास एकाचाच. आणि तो नेवेनाचा नाही —